कापलेला कर परत मिळतो कसा? – विद्युत् पद्धतीचे आयकर विवरणपत्र आणि परतावा

वर्षअखेरचे वेतन हाती पडले की शाळांतून आणि कार्यालयांतून एकच विषय निघतो, तो म्हणजे आयकराची कपात. वर्षभराच्या कराचा राहिलेला हिशेब फेब्रुवारी-मार्चच्या वेतनदेयकात पुरा केला जातो आणि हाती येणारी रक्कम एकाएकी घटते. कापलेली प्रत्येक रक्कम शासनाला देय असतेच असे नाही. देय करापेक्षा अधिक रक्कम कापली गेली असेल, तर अधिक झालेला भाग करदात्याला परत मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. त्यासाठी विवरणपत्र दाखल करावे लागते, ते मुदतीत करावे लागते, आणि ते आता विद्युत् माध्यमातूनच करण्याची रीत रूढ झाली आहे. या रीतीचे स्वरूप, तीत कोणाची कोणती जबाबदारी आहे आणि परतावा नेमका कोठे अडतो, याचा विचार येथे केला आहे.

कर कोणता, अधिकार कोणाचा

आपल्या राज्यघटनेने उत्पन्नावरील कराची विभागणी केली आहे. शेतीच्या उत्पन्नाखेरीज अन्य उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ८२ व्या नोंदीनुसार केंद्राकडे आहे. शेतीच्या उत्पन्नावरील कराचा विषय राज्यसूचीच्या ४६ व्या नोंदीत, तर व्यवसाय व नोकरी यांवरील कराचा विषय ६० व्या नोंदीत येतो. अमेरिकेत बहुतेक राज्ये आपापला स्वतंत्र आयकर आकारतात. तेथील नोकरदाराच्या पगारातून केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर कापले जातात, त्यांची विवरणपत्रे वेगळी असतात आणि परतावेही वेगळे येतात. आपल्याकडे पगारदाराला आयकराचे एकच विवरणपत्र द्यावे लागते, आणि ते केंद्राच्या आयकर विभागाला.

महाराष्ट्रात पगारातून कापला जाणारा राज्याचा कर म्हणजे व्यवसाय कर. त्यासंबंधीचा अधिनियम १९७५ सालचा असून या कराची सांगड रोजगार हमी योजनेच्या निधीशी घालण्यात आली होती. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार या कराची वार्षिक कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे. म्हणूनच दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी कपात वेतनपत्रकात दिसते. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना २०२३ सालापासून या करातून सूट देण्यात आली. ही छोटी रक्कम आयकराच्या हिशेबातही उपयोगी पडते, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

आयकर केंद्राचा असला तरी त्याचे उत्पन्न केवळ केंद्राचे नसते. घटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार त्यातील वाटा राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी विभाज्य करांतील राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरविला होता. वित्त आयोगाच्या शिफारशीने ग्रामपंचायतींकडे येणारे अनुदानही केंद्राच्या तिजोरीतूनच येते. कर नेमका भरला जाणे आणि जादा कर नेमका परत जाणे, या दोन्ही गोष्टींशी गावाचा संबंध आहे तो असा.

परतावा का उद्भवतो

उत्पन्न मिळत असतानाच, ते देणाऱ्याने कर कापून शासनाकडे भरावा, ही उगमाच्या ठिकाणी करकपातीची पद्धत होय. व्यवहारात तिला टीडीएस म्हणतात. ही कपात अंदाजाने होते. वर्षाचा अंतिम हिशेब विवरणपत्रात होतो. अंदाज आणि अंतिम हिशेब यांत फरक पडला की एक तर कर भरावा लागतो किंवा परतावा निघतो.

एका माध्यमिक शिक्षकाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये त्याचे एकूण वेतन ९,०२,००० रुपये होते. २०२३-२४ या वर्षापासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली मानली गेली आहे. जुनी प्रणाली हवी असल्याचे शिक्षकाने कार्यालयाला वेळेवर कळविले नाही, म्हणून कार्यालयाने नव्या प्रणालीने कपात केली. त्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाण वजावट जाऊन ८,२७,००० रुपये करपात्र उत्पन्न उरले. पहिल्या ३ लाखांवर कर नाही, पुढील ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० रुपये आणि उरलेल्या १,२७,००० रुपयांवर १० टक्क्यांनी १२,७०० रुपये, असा ३२,७०० रुपये कर झाला. त्यावर ४ टक्के उपकर मिळवून पूर्णांकात ३४,०१० रुपये कापले गेले.

आता जुन्या प्रणालीचा हिशेब पाहावा. या शिक्षकाने स्वतः राहण्याच्या घरासाठी कर्ज काढले होते आणि त्या वर्षी त्यावर २ लाख रुपये व्याज दिले होते. भविष्य निर्वाह निधी, विमा व कर्जाची मुद्दल मिळून कलम ८० सी खाली १,५०,००० रुपयांची वजावट त्यास मिळू शकत होती. प्रमाण वजावट ५०,००० रुपये आणि व्यवसाय कर २,५०० रुपये. या सर्व रकमा वजा जाता करपात्र उत्पन्न ४,९९,५०० रुपये उरते. जुन्या प्रणालीत ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ अ ची सवलत असल्याने देय कर शून्य होतो. म्हणजे कापलेले सर्वच्या सर्व ३४,०१० रुपये परत मिळण्यास तो पात्र ठरतो.

येथे व्यवसाय कराचे महत्त्व ध्यानी यावे. ते २,५०० रुपये दाखवावयाचे राहिले असते, तर करपात्र उत्पन्न ५,०२,००० रुपये झाले असते, सवलत हुकली असती आणि उपकरासह सुमारे १३,४०० रुपये कर देय ठरला असता. एका लहानशा नोंदीने एवढा फरक पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. पगारदाराला दरवर्षी प्रणालीची निवड विवरणपत्रात करता येते. कार्यालयाने नव्या प्रणालीने कपात केली, म्हणून ती बंधनकारक ठरत नाही. परंतु जुनी प्रणाली निवडावयाची तर विवरणपत्र मूळ मुदतीच्या आत दाखल झाले पाहिजे. त्या वर्षासाठीची ३१ जुलै २०२५ ही मुदत वाढवून अखेरीस १६ सप्टेंबर २०२५ करण्यात आली होती. ही मुदत चुकवून विलंबाने विवरणपत्र भरणाऱ्यास नवीच प्रणाली लागू झाली. आपल्या शिक्षकाने ती चुकविली असती, तर ३४,०१० रुपयांचा परतावा तर गेलाच असता, शिवाय ५,००० रुपये विलंब शुल्कही पडले असते. विलंबाची किंमत केवळ शुल्काएवढी नसते, ती अशी.

साखळीचे तीन दुवे

करदाता, कर कापणारे कार्यालय आणि आयकर विभाग हे परताव्याच्या साखळीचे तीन दुवे होत. सर्वसाधारण समज असा की, वेतनातून कर कापला गेला म्हणजे तो आपल्या नावे जमा झालाच. वस्तुस्थिती तशी नाही. कापलेली रक्कम शासनजमा झाली पाहिजे. त्यानंतर कोणत्या कायम खाते क्रमांकाच्या, म्हणजे पॅनच्या, नावे किती रक्कम कापली, याचे त्रैमासिक विवरण कार्यालयाने सादर केले पाहिजे. त्या विवरणावरूनच करदात्याच्या करजमा पत्रकात नोंद उमटते. १९६१ च्या अधिनियमाखाली या पत्रकाला नमुना २६ एएस असे नाव आहे. त्यात नोंद नसेल, तर संगणकाच्या दृष्टीने कर कापलाच गेलेला नसतो.

हे दायित्व आहरण व संवितरण अधिकाऱ्याचे आहे. ज्या कार्यालयांची देयके कोषागारातून पारित होतात, तेथे कराची रक्कम पुस्तकी समायोजनाने जमा होते आणि कोषागार अधिकारी किंवा वेतन व लेखा अधिकारी त्याचे मासिक विवरण देतो. त्यातून मिळणारा ओळख क्रमांक कार्यालयाने आपल्या त्रैमासिक विवरणात नोंदवावयाचा असतो. जेथे चलनाने भरणा होतो, तेथे कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत भरावयाचा. त्रैमासिक विवरणांच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे अशा ठरलेल्या होत्या. विलंब झाल्यास दररोज २०० रुपये, मात्र कराच्या रकमेहून अधिक नाही, असे शुल्क अधिनियमात होते.

ग्रामपंचायतीलाही हेच दायित्व आहे, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. गावातील मोरीच्या बांधकामाचे ४ लाख रुपयांचे देयक ग्रामपंचायतीने ठेकेदारास अदा केले, अशी कल्पना करू. एकाच देयकाची रक्कम ३०,००० रुपयांहून अधिक किंवा वर्षातील एकूण रक्कम १ लाख रुपयांहून अधिक झाल्यास ठेकेदार व्यक्ती असताना १ टक्का कर कापावा लागे. येथे तो ४,००० रुपये होतो. ठेकेदाराने पॅन दिला नाही, तर हाच दर २० टक्के होऊन ८०,००० रुपये कापावे लागतात. कर कापला, भरला, पण विवरण दिले नाही, तर ते ४,००० रुपये ठेकेदाराच्या पत्रकात दिसत नाहीत आणि त्याचा परतावा अडतो. विवरणास वीस दिवस उशीर झाला, की विलंब शुल्कही कराइतकेच, म्हणजे ४,००० रुपये होते. ते भरावे लागते गावाच्या निधीतून. ज्या ग्रामसभेत खर्चाचे वाचन होते, तेथे ‘टीडीएसचे विवरण दिले काय’ हा प्रश्न सदस्यांनी विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

विवरणपत्र भरण्याचा क्रम

करदात्याने प्रथम कार्यालयाकडून करकपातीचे प्रमाणपत्र घ्यावे. पगारदाराचे हे प्रमाणपत्र ‘फॉर्म १६’ या नावाने परिचित आहे. त्यातील आकडे करजमा पत्रकाशी आणि वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहावेत. वार्षिक माहिती विवरण ही सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. बँकेतील ठेवींचे व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार यांची माहिती त्यात दिसते. ठेवीवरील व्याज अनेकांकडून दाखवावयाचे राहते. बँकेने त्यावर १० टक्के कर कापलेला असला, तरी करदात्याचा दर २० टक्के असेल तर फरक भरावाच लागतो.

हिशेबाअंती कर देय निघाला, तर तो विवरणपत्रापूर्वी भरावा. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर बँकखात्यातून हा भरणा करता येतो. भरणा करताना वर्ष आणि कराचा प्रकार अचूक निवडावा. चुकीचे वर्ष निवडल्याने पैसे तिजोरीत जातात, पण हिशेबात सापडत नाहीत, हा दोष वारंवार आढळतो. चलनावरील बँकेचा संकेतांक, दिनांक व अनुक्रमांक विवरणपत्रात नोंदवून चलन जपून ठेवावे. कपात वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल, तर तो आगाऊ कर म्हणून वर्षातच भरावा लागतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील नागरिकांना यातून मोकळीक आहे.

परतावा केवळ बँकखात्यातच जमा होतो. १ मार्च २०१९ पासून त्यासाठी खाते पॅनशी जोडलेले असणे आवश्यक झाले. संकेतस्थळावर त्या खात्याची पूर्वपडताळणी करून घ्यावी लागते. बँकेतील नाव आणि पॅनवरील नाव यांत तफावत असेल, तर पडताळणी फसते. विवाहानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांना हा अनुभव अधिक येतो. दोहोंपैकी एक नोंद आधीच दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर. पॅन आणि आधार यांची जोडणी झालेली नसेल, तर १ जुलै २०२३ पासून तो पॅन निष्क्रिय ठरतो आणि निष्क्रिय पॅनवर परतावा दिला जात नाही.

शेवटची पायरी पडताळणीची. विवरणपत्र पाठविले म्हणजे काम झाले, असे नव्हे. आधारशी जोडलेल्या दूरध्वनी क्रमांकावर येणारा ओटीपी, बँकेची सेवा, किंवा स्वाक्षरी केलेली पोचपावती बंगळूरूला टपालाने पाठविणे, यांपैकी एका मार्गाने त्याची पडताळणी करावी लागते. १ ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी १२० ऐवजी ३० दिवसांची मुदत आहे. या मुदतीनंतर पडताळणी केल्यास पडताळणीचा दिवस हाच दाखल केल्याचा दिवस धरला जातो. पडताळणी न झाल्यास विवरणपत्र दिलेच नाही असे समजले जाते. जुलैअखेरीस घाईने विवरणपत्र पाठवून पडताळणी विसरणारा करदाता वरील शिक्षकासारखी सवलत याच कारणाने गमावू शकतो.

प्रक्रिया आणि व्याज

विवरणपत्रांच्या छाननीसाठी २००९ मध्ये बंगळूरू येथे केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राची योजना झाली. तेथे संगणक विवरणपत्रातील दावे, करजमा पत्रक आणि गणित यांचा ताळा घेतो व त्याचा निष्कर्ष करदात्यास कळविला जातो. १९६१ च्या अधिनियमात या प्रक्रियेसाठी, ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र दिले त्याच्या अखेरीपासून नऊ महिन्यांची कमाल मुदत होती. प्रत्यक्षात साधी विवरणपत्रे पुष्कळ आधी निकालात निघतात.

परतावा उशिरा मिळाल्यास त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. विवरणपत्र मुदतीत असेल, तर कपातीच्या रकमेवरील व्याज १ एप्रिलपासून मोजले जाते. विलंबाने दिल्यास ते दाखल केल्याच्या दिवसापासून मोजले जाते. परताव्याची रक्कम निश्चित झालेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असल्यास व्याज मिळत नाही. आपल्या शिक्षकाने जुलै २०२५ मध्ये विवरणपत्र दिले आणि ऑगस्टमध्ये परतावा मंजूर झाला असे धरल्यास, शंभराच्या पटीत ३४,००० रुपयांवर पाच महिन्यांचे ८५० रुपये व्याज त्यास मिळेल. हे व्याज करपात्र असते, म्हणून पुढील विवरणपत्रात ते दाखवावे.

परतावा अडला तर

परतावा अडण्याची कारणे बहुधा चार असतात. बँकखाते जुळत नसेल, तर खाते दुरुस्त करून संकेतस्थळावर परतावा पुन्हा पाठविण्याची विनंती करावी. मागील वर्षाची थकबाकी नोंदलेली असेल, तर विभाग सूचना देऊन ती परताव्यातून वळती करू शकतो. थकबाकी अमान्य असल्यास सूचनेला मुदतीत उत्तर द्यावे, मौन बाळगू नये. जुन्या किरकोळ थकबाक्यांपैकी २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती. तिसरे कारण गणितातील किंवा नोंदीतील चुकीचे. त्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

चौथे आणि सर्वांत जाचक कारण म्हणजे कार्यालयाने कर कापूनही नोंद न करणे. अशा वेळी करदात्याने वेतनपत्रके जोडून कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. ज्याच्या वेतनातून कर प्रत्यक्ष कापला गेला आहे, त्याला त्या मर्यादेपर्यंत तोच कर पुन्हा भरण्यास भाग पाडता येत नाही, असे १९६१ च्या अधिनियमाचे २०५ वे कलम सांगते. परंतु परतावा मात्र नोंद उमटल्यावाचून सुटत नाही. म्हणून अधिकाऱ्याने दुरुस्ती विवरण तत्परतेने देणे, हाच खरा उपाय होय.

मुदत पूर्णपणे निघून गेली असल्यास अद्ययावत विवरणपत्राचा उपयोग होत नाही, कारण त्यात परतावा मागता येत नाही. खरोखरच अडचण असल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा ठेवण्यात आली.

खोट्या वजावटीचा मोह

परतावा मिळवून देतो, त्यातील काही टक्के द्या, असे सांगणारे मध्यस्थ गावोगाव फिरतात. न दिलेल्या देणग्या, न काढलेला विमा आणि न भरलेले घरभाडे दाखवून ते परतावा आणतातही. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर मोहीम घेतली. सहीचे दायित्व करदात्याचे असते, मध्यस्थाचे नव्हे. उत्पन्न खोटेपणाने कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे. म्हणजे खोटेपणाने ३०,००० रुपये मिळविणाऱ्यास ते व्याजासह परत करून वर ६०,००० रुपये दंड भरावा लागू शकतो. ‘परतावा मंजूर, येथे खात्याची माहिती द्या’ असे सांगणाऱ्या संदेशांपासूनही सावध राहावे. आयकर विभाग बँकेचा गुप्त क्रमांक किंवा ओटीपी कधीही मागत नाही.

बदलता कायदा, स्थिर तत्त्व

संसदेने २०२५ मध्ये नवा आयकर अधिनियम संमत केला. तो १ एप्रिल २०२६ या दिनांकापासून १९६१ च्या अधिनियमाची जागा घेतो. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा त्यात आली आहे. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. कराचे टप्पेही वर्षागणिक बदलतात. म्हणून प्रत्येक वर्षाचा हिशेब त्या वर्षाच्या तरतुदींनीच करावा. उदाहरणातील आकडे २०२४-२५ चे आहेत, हे विसरू नये.

तत्त्व मात्र बदललेले नाही. कर नेमका द्यावा, त्याची नोंद नेमकी व्हावी आणि अधिक घेतलेले परत जावे. मुख्याध्यापकाने जूनमध्ये सर्व सहकाऱ्यांची करजमा पत्रके एकदा ताडून पाहिली, ग्रामसेवकाने त्रैमासिक विवरणाची तारीख फलकावर लिहून ठेवली आणि करदात्याने विवरणपत्राबरोबरच पडताळणी पुरी केली, तर बहुसंख्य परतावे वाटेत अडणार नाहीत. कोणाच्या तरी महिन्याभराच्या कमाईइतकी रक्कम एका राहून गेलेल्या नोंदीने अडते, ही गोष्ट ध्यानी ठेवून प्रत्येकाने आपल्या वाट्याची नोंद वेळेवर करावी, एवढेच अपेक्षित आहे.